रानडुकरांचे सापळे (ब्रह्मपुरी परिसर)

चंद्रपूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही व सावली हे तालुके आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोली जिल्हा या धानपट्ट्यात पीक राखण्यासाठी किंवा मांसासाठी रानडुक्कर धरण्याच्या व मारण्याच्या रीती. रानडुक्कर कायद्याने संरक्षित असल्यामुळे परवानगीशिवाय त्याच्यासाठी सापळा लावणे हा गुन्हा आहे. शिवाय हा वाघांच्या दाट वस्तीचा मुलूख आहे. डुकरासाठी लावलेल्या फाशात किंवा तारेत वाघ, बिबट, गुरे आणि माणसेही सापडतात. म्हणून येथे रानडुकराचा बंदोबस्त हा शेतीचा, वन्यजीवांचा आणि गावाच्या सुरक्षिततेचा एकत्रित प्रश्न आहे.

प्राणी : भारतीय रानडुकराच्या मानेपासून पाठीपर्यंत राठ केसांची आयाळ असते. पूर्ण वाढलेल्या नराची खांद्याजवळची उंची सु. ९० सेंमी. असून वजन १०० किग्रॅ.च्या पुढे जाऊ शकते. नराचे वरचे व खालचे सुळे बाहेर वळलेले असतात. गर्भावधी सु. चार महिन्यांचा असतो. एका वेतात साधारणतः चार ते सहा पिले होतात आणि त्यांच्या अंगावर लांब पट्टे असतात. माद्या व पिले कळपाने राहतात, तर मोठा नर बहुधा एकांडा फिरतो. दृष्टी बेताची, पण घ्राणशक्ती अतिशय तीक्ष्ण असते. नाकाने जमीन उकरून रानडुक्कर कंद, मुळ्या, किडे व गांडुळे खाते. नागरमोथ्याच्या गाठी त्याला विशेष आवडतात. उन्हाळ्यात मोहफुले व टेंभरे हे त्याचे खाद्य असते. वाघ, बिबट व रानकुत्रा यांचे ते महत्त्वाचे भक्ष्य आहे. जंगलात डुक्कर कमी झाले, तर वाघाची नजर गावच्या गुरांकडे वळण्याचा धोका वाढतो.

गुरचरण व झुडपी जंगल : पूर्व विदर्भात गावालगतच्या खुरट्या, झुडपांच्या जमिनींची महसुली नोंद ‘झुडपी जंगल’ अशी आहे. गावची गुरे पिढ्यान्‌पिढ्या याच जमिनींवर चरत आली. या जमिनी वनजमिनीच आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. घाणेरीच्या जाळ्या आणि तलावांच्या काठची बेशरमची दाटी यांत डुकरांचे कळप दिवसभर दडून राहतात व अंधार पडला की शेतात उतरतात. गुरचरण, तलाव आणि धानाची बांधी एकमेकांना खेटून असल्यामुळे जंगल कुठे संपते व शेत कुठे सुरू होते, ही सीमा डुकरापुरती अस्तित्वातच नसते.

पिकांचे नुकसान : धानाची लोंबी दुधावर आली, की कळपाची ये-जा वाढते. खाण्यापेक्षा नासाडी जास्त होते. रात्रीतून एक कळप बांधीत शिरला, तर सकाळी धान आडवा पडलेला, मुळांसकट उपटलेला आणि चिखलात तुडवलेला दिसतो. मधोमध लोळणीचा खड्डा आणि धुऱ्यावर उकरलेल्या मातीचे ढीग असतात. फुटलेल्या धुऱ्यातून पाणी वाहून गेले, की उरलेल्या धानालाही फटका बसतो. रब्बीत हरभरा व लाखोळी यांवर धाड येते. अल्पभूधारकासाठी हे वर्षभराच्या अन्नाचे नुकसान असते. ते टाळण्यासाठी तो मचाणावर जागल करतो, शेकोटी पेटवतो, डबे वाजवतो. रात्री शेतात जाता-येता वाघाची भीती असते. अचानक समोर आलेले डुक्करही सुळ्यांनी मांडीवर, पोटरीवर खोल जखमा करते.

सापळ्यांचे प्रकार : पूर्वी हाका घालून डुकरे जाळ्यांकडे पिटाळली जात व भाल्यांनी मारली जात. सामूहिक पारधीची ही परंपरा आदिवासी मुलखात दीर्घकाळ होती. आज चोरून वापरली जाणारी साधने निराळी आहेत. कुंपणातील फटीत किंवा पायवाटेवर तारेचा फासा बांधतात. दुचाकीची क्लच वायर यासाठी सर्रास वापरली जाते. प्राणी सुटण्यासाठी जितकी ओढ घेतो, तितकी तार मांसात रुतते. फासा तोडून निघालेला वाघ किंवा बिबट तारेसकट फिरत राहतो आणि जखम चिघळून मरू शकतो. दुसरे साधन म्हणजे आमिषात दडवलेला बारूदगोळा. तो चावताच जबडा फुटतो. चरणारी गाय-म्हैसही त्याला बळी पडते. सर्वांत घातक आहे ती जिवंत तार : वीजवाहिनीवर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार ओढली जाते आणि तिला लागलेला प्राणी जागीच मरतो.

वाघ व जिवंत तार : ब्रह्मपुरी वनविभाग ताडोबा-अंधारी व उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांमधील वाघांच्या संचारमार्गावर आहे. अभयारण्याबाहेर इतके वाघ असलेले प्रदेश देशात फार थोडे आहेत. २०१८ मध्ये याच परिसरात घोडाझरी अभयारण्य घोषित झाले. प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा, रेडिओ कॉलर लावलेला ‘श्रीनिवास’, एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात विजेच्या तारेने मेला. त्याच वर्षी दक्षिण ब्रह्मपुरीत माणसांवर हल्ले करणारी वाघीण जुलैमध्ये पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आली होती. ऑक्टोबरमध्ये तीही डुकरांसाठी लावलेल्या जिवंत तारेला लागून मेली. अशा तारेने शेतकऱ्यांचे व शेतमजुरांचेही बळी घेतले आहेत. अंधारात शेजारच्या बांधीत पाणी पाहायला गेलेल्या माणसाला ती दिसत नाही.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत सापळा व फासा लावणेही येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोका असल्यास कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेला प्राणी मात्र शासनाची मालमत्ता ठरतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही यांच्याबाबत परवानगीची पद्धत सुलभ केली. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नेमबाजांकरवी ५३ डुकरे मारल्यावरून मनेका गांधी व प्रकाश जावडेकर या केंद्रीय मंत्र्यांत जाहीर वाद झाला. बिहार व उत्तराखंड येथे २०१५-१६ च्या सुमारास केंद्राने काही काळासाठी रानडुकराला उपद्रवी प्राणी घोषित केले होते. केरळने २०२२ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना मारण्याच्या परवानगीचे अधिकार दिले. वनहक्क कायदा, २००६ ने ग्रामसभांना जंगल राखण्याचे अधिकार दिले, पण शिकारीचा व सापळ्यांचा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला.

पिंजऱ्यांची मर्यादा : अमेरिकेत चराऊ कुरणांवर जाळीचे मोठे गोल कोंडवाडे उभारतात, काही दिवस मका टाकून कळपाला सवय लावतात आणि सगळा कळप आत आला की दार पाडतात. काही डुकरे निसटली, तर ती पुढे पिंजऱ्याला बिचकतात. तेथील डुकरे युरोपीयांनी आणलेल्या पाळीव डुकरांचे वंशज व बाहेरून सोडलेल्या रानडुकरांचे संकर असून तेथे ती परकी आहेत. ब्रह्मपुरीचे डुक्कर मूळचे येथलेच आणि वाघाचे भक्ष्य आहे. त्यामुळे तेथील उच्चाटनाचे धोरण येथे लागू पडत नाही. शिवाय आत अडकलेल्या डुकरांच्या आवाजाने वाघ गावालगत ओढला जाण्याची शक्यता असते.

उपाय : सौरकुंपणातून थांबून थांबून सौम्य झटका बसतो; तो प्राण्याला परतवतो, मारत नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अशा कुंपणासाठी अनुदान मिळते. मात्र गवत वाढून तारेला टेकले, की झटका क्षीण होतो. म्हणून तारेखालची सफाई आवश्यक असते. एकेका शेतापेक्षा शेजाऱ्यांनी मिळून घातलेले सलग कुंपण अधिक उपयोगी ठरते, कारण एका शेतातून हाकललेला कळप दुसऱ्यात शिरतो. हैदराबाद येथील कृषी संशोधकांनी भुईमुगाभोवती करडईच्या व मक्याभोवती एरंडीच्या ओळी लावण्याची शिफारस केली आहे. गस्तीत फासे शोधून काढणे आणि वीजवाहिन्यांवरील आकडे तपासणे ही कामे धान निसवण्यापूर्वीच सुरू झाली पाहिजेत. नुकसानभरपाईची तरतूद आहे. तिचा खरा उपयोग पंचनामा वेळेवर होऊन रक्कम पुढच्या हंगामाआधी हाती पडण्यात आहे. वाघाचे जंगल टिकवण्याचा भार सर्वांत गरीब शेतकऱ्याच्या बांधीवर टाकता येणार नाही. भरपाई, कुंपण आणि परवानगी या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळाल्या, तरच जिवंत तार ओढू नये, असे त्याला हक्काने सांगता येईल.