राखेपासून सोड्यापर्यंत

आमच्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी 'घरोपयोगी असे काहीतरी लिहा' असे संपादिकाबाईंनी मला सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा फार मोठा विषय घेण्यापेक्षा स्वयंपाकघरातल्या फळीवर कोपऱ्यात पडून असलेल्या सोड्याच्या पुडीवरच चार शब्द लिहावेत असे ठरविले. गावच्या वाचनालयातली पुस्तके चाळली, मुलीचे रसायनशास्त्राचे पुस्तक तिच्याकडून समजावून घेतले, आणि पाहते तो काय, या पुडीला केवढा तरी मोठा इतिहास आहे! आणि त्या इतिहासात बायकांचा वाटाही काही थोडाथोडका नाही.

प्रथम सोड्याची ओळख करून घेऊ. आपल्या घरात येणारे सोडे दोन. एक खाण्याचा, दुसरा धुण्याचा. खाण्याच्या सोड्याला शास्त्रात सोडियम बायकार्बोनेट म्हणतात आणि धुण्याच्या सोड्याला सोडियम कार्बोनेट. दोघे सख्खे भाऊ खरे, पण स्वभाव निराळे. खाण्याचा सोडा सौम्य, धुण्याचा तिखट. पापडखारात बहुधा या दोघांचेच मिश्रण असते. तिसरा कॉस्टिक सोडा. तो साबणाच्या कारखान्यातला. कातडी जाळणारा, मुलांच्या हाताला कधीही लागू न देण्याजोगा.

हे सोडे बाजारात मिळू लागले त्याच्या कितीतरी आधीपासून बायका क्षार वापरीत आल्या आहेत. तो क्षार म्हणजे चुलीतली राख. राखेने भांडी घासली जात. राख पाण्यात कालवून रात्रभर ठेवली की वर जी स्वच्छ निवळी येते, तिने कपड्यांचे तेल-मळ निघे. लाकडाच्या राखेत मुख्यतः पोटॅशचा क्षार असतो, आणि समुद्रकाठच्या किंवा खाऱ्या जमिनीतल्या झुडपांच्या राखेत सोड्याचा. आपल्या आयुर्वेदात सर्जिकाक्षार आणि यवक्षार सांगितले आहेत. त्यांतला सर्जिकाक्षार म्हणजेच सज्जीखार. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तर क्षार कसा करावा यावर अकरावा अध्याय स्वतंत्र आहे. वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची आणि आटवायची, ही कृती आपल्या आज्यांच्या निवळीहून फारशी वेगळी नाही.

चरकसंहितेत याच बाबतीत एक इशाराही आहे. पिंपळी, क्षार आणि मीठ या तीन वस्तू अतिशय प्रमाणात सेवन करू नयेत, असे तिथे सांगितले आहे. क्षार वाईट म्हणून नव्हे, तर त्याचे माप चुकले की तो बाधतो म्हणून. भगिनींनो, 'माप' हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

माझे माहेर मेहकरकडचे. त्यामुळे क्षार म्हटला की मला लोणारचे सरोवर आठवते. नवरात्रात कमळजादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्या भगिनींना ते परिचित असेलच. आकाशातून पडलेल्या अशनीने तिथे सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा पडला. चहूकडून पाणी आत येते, पण बाहेर जायला वाट नाही. पाण्याची वाफ होते आणि त्यात विरघळलेला क्षार मागे राहतो. असे हजारो वर्षे चालल्याने ते पाणी साबणाच्या पाण्यासारखे बुळबुळीत झाले आहे. पुराणात हीच जागा लवणासुराची सांगितली आहे. अकबर बादशहाच्या काळच्या 'आईन-इ-अकबरी'त या भागात काच आणि साबण करण्याचे सामान मिळते, अशी नोंद आहे. 1823 साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे सरोवर पाहून त्याची हकीकत लिहिली. इंग्रजी अमदानीतही उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरचा खार गोळा करीत, आणि त्यातल्या निरनिराळ्या जातींना दल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती.

काचेचे नाव आले म्हणून सांगते. काच करायला वाळू, चुनखडी आणि सोडा लागतो. सोड्यामुळे वाळू कमी आंचेवर वितळते. म्हणजे कासार आपल्या हातांत जो काचेचा चुडा भरतो, तोही सोड्यावाचून झालेला नाही. पापडात सोडा, साबणात सोडा आणि बांगडीतही सोडाच! लोणारचा तलाव आता अभयारण्य आहे आणि खार काढण्याचा तो जुना उद्योग तिथे राहिलेला नाही. 2020 च्या जूनमध्ये तिथले पाणी गुलाबी झाले तेव्हा लोकांनी नाना तर्क केले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला होता, असे तपासाअंती शास्त्रज्ञांनी सांगितले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लोणारला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळाले.

आता परदेशाकडे वळू. युरोपात साबण आणि काच यांचे कारखाने वाढले तशी राख पुरेनाशी झाली. जंगले तोडून तोडून किती तोडणार? फ्रान्समध्ये साध्या मिठापासून सोडा करून दाखविणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. निकोलस लब्लां नावाच्या गृहस्थाने ती युक्ती शोधून काढली आणि 1791 साली तिचे पेटंट घेतले. परंतु पुढे राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना सरकारजमा झाला, बक्षीस हाती पडले नाही, आणि 1806 साली त्या बिचाऱ्याने कंटाळून आत्मघात केला. त्याच्या रीतीने सोडा पुष्कळ निघाला, पण कारखान्यांच्या धुराड्यांतून आम्लाचा विषारी वायू निघून आसपासची शेते करपली. इंग्लंडात त्याला आळा घालण्यासाठी 1863 साली कायदा करावा लागला. जगाचे कपडे उजळ व्हावेत म्हणून कुणाच्या तरी अंगणातली झाडे काळी पडत होती, हे विसरून चालणार नाही.

बेल्जममधल्या अर्नेस्ट सॉल्वे याने 1861 साली याहून बरी रीत शोधली. तिला मिठाचे पाणी, चुनखडी आणि अमोनिया लागतो. गंमत अशी की या रीतीत आधी खाण्याच्या सोड्याचाच कच्चा साका तयार होतो. तो भाजला की त्याचा धुण्याचा सोडा बनतो. मग त्यातला काही भाग पुन्हा शुद्ध करून, त्यात कर्बवायू सोडून, आपला पांढराशुभ्र खाण्याचा सोडा करतात. आपल्या घरातही हेच घडते. एखाद्या पदार्थात सोडा जास्त पडला की तो पिवळा पडतो आणि तोंडात साबणासारखी चव येते. तापल्यामुळे खाण्याच्या सोड्याचा तिथे धुण्याचा सोडा झालेला असतो! म्हणून सोड्याबरोबर दही, ताक किंवा लिंबू घालायचे. आंबटाने सोडा सगळा कामी येतो, वायू सुटून पीठ फुलते आणि मागे कडवटपणा राहत नाही.

पीठ फुलविण्याची ही युक्ती रूढ करण्यातही एका स्त्रीचा हात आहे. अमेरिकेत लाकडाच्या राखेपासून शुद्ध केलेला पोटॅशचा क्षार काढीत. तिथल्या सरकारने 1790 साली दिलेले पहिलेवहिले पेटंट अशा क्षाराच्या कृतीचेच होते. 1796 साली अमेलिया सिमन्स या बाईंनी पाककृतींचे पुस्तक छापले आणि त्यात हा क्षार घालून पीठ फुलविण्याच्या कृती दिल्या. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने स्वतःला 'अमेरिकेतील एक अनाथ' म्हटले आहे. बर्लिनमध्ये 1801 साली व्हॅलेंटिन रोझ याने खाण्याचा सोडा तयार केला, आणि 1846 साली अमेरिकेत ड्वाइट व चर्च या दोन मेहुण्यांनी तो पुड्या बांधून विकायला सुरुवात केली. तीही एका घरच्या स्वयंपाकघरातूनच. पापड-लोणची करणाऱ्या आपल्या मंडळाने यातून उमेद घ्यावी.

आपल्या देशात सोडा बराच काळ विलायतेतून येई. काठेवाडच्या टोकाशी ओखामंडळ हा बडोदे संस्थानचा मुलूख होता. सयाजीराव महाराज गायकवाडांच्या कारकीर्दीत तिथे कपिलराम वकील यांनी 1927 साली मिठाचा कारखाना काढला, आणि 1939 साली त्याच जागी, मिठापूरला, टाटांनी रसायनांचा उद्योग उभारला. समुद्राचे पाणी, कडक ऊन आणि चुनखडी या तिन्ही वस्तू तिथे हाताशी होत्या. परदेशी आगबोटीची वाट पाहणारा सोडा अशा रीतीने स्वदेशी झाला.

इथपर्यंतचा इतिहास धुण्याचा, खाण्याचा आणि विकण्याचा झाला. परंतु ज्यासाठी मी लेखणी हातात घेतली तो भाग पुढेच आहे.

माझ्या आजीचा धाकटा मुलगा, म्हणजे माझा न पाहिलेला मामा, 1964 च्या पावसाळ्यात गेला. दीड वर्षाचे मूल. दोन दिवस जुलाब-उलट्या झाल्या. पाणी दिले की जुलाब वाढतात, अशी त्या वेळी सगळ्यांची समजूत होती. मोठ्या माणसांनी सांगितले आणि आजीने ऐकले. मूल ओठ चाटीत होते, असे आजी सांगे. एवढे सांगून ती उठून कामाला लागे. घरात साखर होती, मीठ होते आणि सोड्याची पुडीही होती. नव्हते ते फक्त ज्ञान.

त्यानंतर सातच वर्षांनी, 1971 साली, बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याच्या सलाइनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या मापाने पाणी तयार करविले, आणि ते रोग्यांना तोंडाने पाजण्याचे काम त्यांच्या आप्तांवर सोपविले. त्यांत आयाच पुष्कळ होत्या. आतड्यात साखरेच्या सोबतीने मीठ शोषले जाते आणि त्यामागे पाणी जाते. जुलाबावाटे शरीरातला क्षार निघून रक्तात आम्लता वाढते, ती सोड्याने सावरते. तिथे शेकडा 30 च्या आसपास असलेले मृत्यू शेकडा 4 च्या खाली आले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने असे पाणी साऱ्या जगाला सांगितले. 1984 पासून त्या पुडीत सोड्याच्या जागी सायट्रेट घालू लागले, कारण त्याने पुडी अधिक टिकते. महालनबीस 2022 साली निवर्तले आणि 2023 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. माझ्या आजीला हे नाव कधी कळले नाही.

म्हणून आता उपयोग सांगते, पण मापासकट. जुलाब झाल्यास दवाखान्यातून किंवा औषधाच्या दुकानातून ओआरएसची पुडी आणावी आणि तिच्यावर लिहिल्याइतक्याच पाण्यात ती विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोटघोट पाजावे. घरी अंदाजाने त्यात सोडा घालू नये. मूल मलूल झाले, लघवी थांबली किंवा पाणी पोटात ठरेना, तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

हरभरे, राजमा भिजविताना चिमूटभर सोडा घातला तर ते लवकर शिजतात. पण सोड्याने काही जीवनसत्त्वे नष्ट होतात, म्हणून ते पाणी ओतून द्यावे आणि ही सवय रोजची करू नये. पालेभाजी हिरवी दिसावी म्हणून सोडा घालणे तर टाळावेच. करपलेल्या स्टीलच्या भांड्यात पाणी आणि दोन चमचे सोडा घालून उकळले की करप सुटते. ॲल्युमिनियमची भांडी मात्र सोड्याने काळवंडतात. मुलांच्या पाण्याच्या बाटलीचा वास सोड्याच्या कोमट पाण्याने जातो. शीतकपाटात वाटीभर सोडा उघडा ठेवला तर आतला वास कमी होतो. कढईतल्या तेलाने थोडा पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नये. गॅस बंद करून झाकण टाकावे, किंवा मूठभर खाण्याचा सोडा वरून भुरभुरावा. भांडी घासायला सोडा आणि लिंबू एकत्र कालवून ठेवतात त्यात अर्थ नाही. दोघे एकमेकांना संपवून टाकतात. आधी एक वापरावे, मग दुसरे.

आणि एक गोष्ट पोट जळते म्हणून रोज सोडा पिणाऱ्यांसाठी. एका चहाच्या चमच्याभर सोड्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असते, आणि मोठ्या माणसाने दिवसाकाठी सर्व मिळून दोन ग्रॅमच्या आत राहावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून सोड्याला हात लावू नये. चरकांचा इशारा आजही तितकाच खरा आहे.

शेवटी एक सूचना. खाण्याचा आणि धुण्याचा सोडा दिसायला सारखेच, म्हणून दोघांचे डबे निराळे ठेवून त्यांवर ठळक नावे लिहावीत. मंडळाच्या पापडाच्या कामासाठी एक छोटा काटा यंदा घेण्याचे ठरले आहेच. त्याच्याजवळच्या भिंतीवर साखर-मिठाच्या पाण्याचे मापही मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. पापड लाटायला येणाऱ्या लेकुरवाळ्या सुनांच्या नजरेस ते रोज पडेल आणि वेळप्रसंगी त्यांना कुणाला विचारायला जावे लागणार नाही.