पदवी इंदूरची, शिक्का कलकत्त्याचा

जून १८९१. पहिला पाऊस पडून गेलाय आणि माळव्याची काळी माती तुमच्या जोड्याला अशी चिकटलीय की पाऊल उचलायला जोर लावावा लागतो. तुम्ही ओळखता ते इंदूरचं तुकोगंज अजून वसलेलं नाही. गल्ल्या नाहीत, वाडे पाडून बांधलेल्या इमारती नाहीत. पश्चिमेकडे आगगाडीचे रूळ आणि त्यांच्यापलीकडे दाटीवाटीचं जुनं शहर; त्यात राजवाड्याचे सात मजले उठून दिसतात. दक्षिणेकडे छावणी आणि रेसिडेन्सीची गर्द झाडी. एकीकडे होळकरांचा अंमल, दुसरीकडे इंग्रजांचा. तुम्ही या दोहोंच्या मध्ये उभे आहात, आणि तुमचं वय सोळा आहे.

वडील, म्हणजे तात्या, दरबारात कारकून. मोडी इतकं वळणदार लिहितात की त्यांच्या हातचा कागद लांबूनही ओळखू येतो. त्या मोडीवरच घर चाललंय. पण गेली काही वर्षं ते पाहताहेत की वरच्या जागांवर बाहेरची इंग्रजी शिकलेली माणसं येतात. १८७३ साली दिवाण म्हणून सर टी. माधवराव आले, ते थेट दक्षिणेतून, त्रावणकोरची दिवाणगिरी करून. म्हणून वडिलांनी तुम्हाला इंग्रजी शाळेत घातलं, आणि तुम्ही एंट्रन्स पास झालात. आता पुढे काय, यावर घरात रात्री उशिरापर्यंत बोलणं चालतं.

पुण्याहून आलेले काका म्हणतात, "तात्या, पोराला माझ्याबरोबर पाठवा. डेक्कन आहे, फर्ग्युसन आहे. आपल्या माणसांत राहील."

"आपलीच माणसं आहोत आम्हीसुद्धा," तात्या म्हणतात. "आता महाराजांनी इथं कॉलेज काढलंय. घरचं जेवून शिकेल."

आई काही बोलत नाही, पण ताटात भाकरी वाढताना तिचा हात हलका झालेला तुम्हाला जाणवतो.

सकाळी तुम्ही निघता. तात्यांनी पैसे देताना हाली आणि कलदार रुपये वेगवेगळ्या पुरचुंडीत बांधलेत. होळकरांच्या टांकसाळीचा हाली रुपया शहरात चालतो, रेसिडेन्सीच्या हद्दीत इंग्रजांच्या कलदारची मागणी असते, आणि एकाचे दुसरे करताना सराफ बट्टा कापतो. एका गावात दोन नाणी. शिक्षणाचंही तसंच आहे, हे तुम्हाला दुपारपर्यंत कळेल.

रेसिडेन्सीच्या बाजूला डेली कॉलेज आहे. १८७० मध्ये ते रेसिडेन्सीतली शाळा म्हणून निघालं आणि पुढे त्याला सर हेन्री डेलींचं नाव मिळालं. तुम्ही तिथे थांबू नका. ते मध्य हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांच्या आणि ठाकुरांच्या मुलांसाठी आहे. जवळच मेडिकल स्कूल आहे, १८७८ पासूनचं. तिथून बाहेर पडणारी मुलं माळव्यातल्या दवाखान्यांत काम करतात. काम खरं आणि गरजेचं, पण तात्यांच्या मनातली पदवी तिथे मिळत नाही.

छावणीत कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन मिशनचं ख्रिश्चन कॉलेज आहे. रेव्हरंड जॉन विल्की यांनी ते १८८७ मध्ये सुरू केलं. या मिशनचं आणि दरबाराचं काही वर्षांपूर्वी चांगलंच वाजलं होतं: शहरात प्रवचनं द्यायची की नाही, शाळा चालवायच्या की नाही, यावरून. गव्हर्नर जनरलचे एजंट सर लेपेल ग्रिफिनसुद्धा मिशनऱ्यांच्या बाजूचे नव्हते. तरी कॉलेज उभं राहिलं. मला यात विल्कींची चिकाटी मोठी वाटते. धर्माच्या कारणाने आलेला माणूस गावाला उच्च शिक्षणाची वाट उघडून देतो, आणि गाव त्या वाटेने जातं, धर्म मात्र आपलाच ठेवतं. वर्गात बायबलचा तास चुकत नाही. तात्यांनी तेवढ्यासाठीच तुम्हाला सांगून ठेवलंय: आधी महाराजांच्या कॉलेजात जाऊन ये.

महाराज म्हणजे शिवाजीराव होळकर. गादीवर येऊन त्यांना पाच वर्षं झाली. १८८७ मध्ये राणीच्या ज्युबिलीला ते विलायतेलाही जाऊन आले. होळकर कॉलेज याच महिन्यात, १० जूनला, सुरू झालंय. सगळं नवं आहे आणि मुलं थोडी. टेबलामागचे गृहस्थ तुमचं एंट्रन्सचं प्रमाणपत्र उलटून पाहतात आणि विचारतात, "दुसरी भाषा कोणती घेणार?"

तुम्ही जरा थबकता. "मराठी नाही घेता येत का?"

"नाही बाळ. संस्कृत घे, फारसी घे."

इथे तुम्ही थोडा वेळ उभे राहा, कारण त्या एका उत्तरात बरंच काही आहे. हे मराठी राजाचं संस्थान. त्याच्या दफ्तरात मोडीचे रुमालच्या रुमाल भरलेले. पन्नास वर्षांपूर्वी, १८४१ मध्ये, इथे इंदूर मदरसा निघाला, तेव्हा त्यात इंग्रजी, फारसी, हिंदी आणि मराठी अशा चारही भाषा होत्या. खुद्द दुसरे तुकोजीराव होळकर तिथे शिकले. पुढे काही वर्षांत 'मालवा अखबार' निघू लागला. म्हणजे देशी भाषा आणि नवी विद्या एकत्र नांदू शकतात, हे या गावाने करून पाहिलं होतं. मग १८९१ मध्ये मराठी वर्गाबाहेर का?

कारण या कॉलेजात काय शिकवायचं हे इंदूर ठरवत नाही. ते कलकत्ता ठरवतं. १८५४ च्या वुड यांच्या खलित्यानंतर १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं झाली, ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. ही विद्यापीठं शिकवत नाहीत. ती परीक्षा घेतात आणि पदव्या देतात. शिकवायचं काम संलग्न कॉलेजांचं. आणि कलकत्त्याने १८६० च्या दशकातच वरच्या परीक्षांतून देशी भाषा काढून त्या जागी संस्कृत, अरबी, फारसी, लॅटिन अशा अभिजात भाषा आणल्या. बंगाल्यांना त्यांची बंगाली मिळाली नाही, तर इंदूरच्या कारकुनाच्या मुलाला मराठी कुठून मिळणार? मुंबई विद्यापीठातही चित्र फार वेगळं नव्हतं. न्यायमूर्ती रानडे मराठीसाठी तिथे झगडत होते.

तुम्ही संस्कृत घेता. आता पुढची दोन वर्षं एफ.ए.ची, म्हणजे फर्स्ट आर्ट्सची: इंग्रजी, संस्कृत, गणित, ग्रीस-रोमचा इतिहास, तर्कशास्त्र, थोडं पदार्थविज्ञान आणि रसायन. त्यानंतर दोन वर्षं बी.ए.ची. तिथे ए कोर्स आणि बी कोर्स अशा दोन वाटा: पहिली साहित्य-तत्त्वज्ञानाची, दुसरी विज्ञानाची. कागदावर दोन्ही सगळ्यांना खुल्या. पण आपल्या कॉलेजात जे शिकवायला माणूस आणि उपकरणं आहेत, तेच घेता येतं. कलकत्त्याच्या मुलाला यादीतून विषय निवडता येतो. तुमची निवड शिक्षकांच्या संख्येने आधीच केलेली असते.

संध्याकाळी दिव्याजवळ तुम्ही पुस्तक उघडता. अथेन्स आणि स्पार्टाची लढाई तुम्ही पाठ करता. मल्हारराव कुठे लढले, अहिल्याबाईंनी महेश्वरहून कारभार कसा केला, १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत काय झालं आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरचा तह होऊन इंदूर राजधानी कसं बनलं, यातलं काही परीक्षेत येणार नाही. संस्कृत श्लोकाचा अर्थसुद्धा इंग्रजीत लिहायचा. आजोबांनी ओसरीवर बसवून शिकवलेला श्लोक तुम्हाला येतो, पण त्याचं इंग्रजी जमवताना घाम फुटतो. मग तुम्ही तेच करता जे सगळी मुलं करतात: नोट्स मिळवता आणि घोकता. याला आळस म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ज्या परीक्षेत शिक्षकाला शब्द नाही, प्रश्न काढणारा दूरचा, आणि नापास होणाऱ्यांची संख्या एवढी मोठी, तिथे पाठांतर हा मुलाने शोधलेला शहाणा उपाय होता. दोष त्या रचनेचा.

आणि अंतर बघा. इंदूरहून मीटर गेजने खांडव्याला उतरायचं. ही लाइन दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रज सरकारला दिलेल्या एक कोट रुपयांच्या कर्जातून झाली, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. खांडव्याला गाडी बदलली की एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला जबलपूर, अलाहाबाद आणि शेवटी कलकत्ता. मुंबईपेक्षा कलकत्ता दुपटीहून लांब. काका आले ती दिशा एक आणि तुमच्या पदवीची दिशा दुसरी.

रात्री तुमची धाकटी बहीण पुस्तकाच्या कडेला येऊन बसते आणि अक्षरं लावून वाचू पाहते. तिला हाकलू नका. ज्या कलकत्ता विद्यापीठाच्या परीक्षेला तुम्ही बसणार आहात, त्याच विद्यापीठातून १८८३ मध्ये कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू पदवीधर झाल्या. म्हणजे दार तिलाही कायद्याने उघडं आहे. याच वर्षी इंदुरात कॅनडाच्या मिशनचं बायकांचं इस्पितळ उघडतं आहे, डॉ. एलिझाबेथ बीटी आणि डॉ. मॅरियन ऑलिव्हर या दोघींनी त्याची पायाभरणी आपल्या कामाने केली. गावातल्या बायका स्त्री डॉक्टर डोळ्यांनी पाहताहेत. तरी तुमच्या वर्गात एकही मुलगी नाही.

आणखी एक मूल या वर्गात नाही: अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या घरातलं. इथून वीसेक किलोमीटरवर महूची लष्करी छावणी आहे. तिथे लष्करी शाळेत शिकवणारे सुभेदार रामजी सकपाळ यांना दोनच महिन्यांपूर्वी, १४ एप्रिलला, मुलगा झाला आहे. भीमराव, पुढचे डॉ. आंबेडकर. कॉलेज आणि हे बाळ एकाच वर्षाचे. पुढे ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात, मग कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकेल. तुमच्या वर्गातला रिकामा बाक त्या अंतरावरून मोजून पाहा.

आता जरा वेगाने पुढे चला. १९०४. विद्यापीठांचा नवा कायदा आला आणि प्रत्येक विद्यापीठाची हद्द ठरवली गेली. मध्य हिंदुस्थान अलाहाबादच्या वाट्याला गेला. तुमच्यानंतरच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर कलकत्ता नाही, अलाहाबाद आहे. शिक्का थोडा जवळ आला, इतकंच.

१९१७-१८ मध्ये मात्र इथे काही वेगळं घडू पाहतं. मराठी साहित्य संमेलन १९१७ साली इंदुरात भरतं, अध्यक्ष गणेश जनार्दन आगाशे. आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या दरबाराने नगररचनेसाठी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विद्वानाला बोलावलंय. प्लेगच्या त्या दिवसांत त्याने दिवाळीला स्वच्छतेची मिरवणूक काढून सगळं गाव झाडून काढायला लावलं. १९१८ चा त्याचा अहवाल दोन खंडांचा आहे, आणि त्यातला मोठा भाग नाल्या-रस्त्यांबद्दल नाही, विद्यापीठाबद्दल आहे: इंदूरला मध्य हिंदुस्थानचं स्वतःचं विद्यापीठ हवं, आणि ते नुसतं परीक्षा घेणारं नको, गावाच्या जगण्याशी जोडलेलं हवं. तुम्ही दिव्याखाली जे सोसलंत त्यावरचं हे सगळ्यात नेमकं उत्तर होतं. ते कागदावरच राहिलं. ही इंदूरची मोठी हुकलेली संधी, असं मी मानतो. पैसा होता, दोन कॉलेजं होती, माणसं होती.

१९२७ मध्ये आग्रा विद्यापीठ निघालं आणि इंदूरची कॉलेजं तिकडे गेली. १९५७ मध्ये उज्जैनला विक्रम विद्यापीठ झालं, मग तिकडे. कलकत्ता, अलाहाबाद, आग्रा, उज्जैन: त्याच वर्गात, त्याच भिंतींच्या आत बसून इंदूरच्या मुलांनी चार गावांच्या पदव्या घेतल्या.

इंदूर विद्यापीठ १९६४ मध्ये स्थापन झालं. १९८८ मध्ये त्याला देवी अहिल्येचं नाव दिलं गेलं. त्याचं कार्यालय दक्षिण तुकोगंजाला लागून, रवींद्रनाथ टागोर मार्गावर आहे.

इंदूरच्या मराठी घरांतून गेलेली मंडळी आता पुण्यात, नागपुरात, परदेशात आहेत. त्यांना एक विनंती. पणजोबांचं पदवीपत्र ट्रंकेत असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. काढून त्यावरचं विद्यापीठाचं नाव वाचा, मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहा की माणूस इंदुरात शिकला, आणि एक प्रत होळकर कॉलेजच्या किंवा ख्रिश्चन कॉलेजच्या ग्रंथालयाला पाठवा.