हॉटेलच्या खोलीतील हवा : धोका दाराबाहेरचाही

हॉटेलची खोली ताब्यात घेताना चादरी, टॉवेल आणि न्हाणीघराची स्वच्छता आवर्जून पाहिली जाते. हवेची चौकशी मात्र क्वचितच होते.

फेब्रुवारी २००३ मध्ये हाँगकाँगच्या मेट्रोपोल हॉटेलात नवव्या मजल्यावर चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील एक आजारी डॉक्टर उतरले. त्याच मजल्यावरील अनेक पाहुण्यांना सार्सची लागण झाली आणि त्यांच्यामार्फत हा रोग व्हिएतनाम, सिंगापूर व कॅनडात पोहोचला. विषाणूचे अंश पुढे खोलीबाहेरच्या गालिच्यावर आढळले. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडमधील ख्राइस्टचर्चच्या विलगीकरण हॉटेलात शेजारच्या दोन खोल्यांची दारे मिनिटभराच्या आत एकापाठोपाठ उघडली गेली. प्रत्यक्ष भेट न होताही कोविडची लागण झाली. कॉरिडॉरमधील कोंदट हवा हेच त्याचे संभाव्य कारण असल्याचे तपासात दिसून आले.

त्यामुळे आरक्षण करतानाच उघडणारी खिडकी असलेली खोली मागावी. केवळ एसीवर विसंबून चालत नाही. सर्वसाधारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. हवा तासाला एकदाच बदलत असेल, तर आधीच्या पाहुण्याने मागे सोडलेले कण ९५ टक्क्यांनी घटण्यास सुमारे तीन तास लागतात. सहा वेळा बदलत असेल, तर अर्धा तास पुरतो. म्हणून खोलीत येताच, तसेच सफाई कर्मचारी गेल्यावरही, खिडकी उघडी ठेवावी. सुगंधी फवाऱ्याने फक्त वास झाकला जातो.

न्हाणीघरातील एक्झॉस्ट पंख्याबाबत एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. खिडकी बंद असताना तो सुरू ठेवला, तर बाहेर गेलेल्या हवेची जागा दाराखालच्या फटीतून येणारी कॉरिडॉरची हवा घेते. खिडकी उघडी असेल तर हाच पंखा उपकारक ठरतो. फटीशी गुंडाळलेला टॉवेल ठेवावा.

खिडकी उघडतच नसेल, तर हेपा फिल्टरचा छोटा एअर प्युरिफायर सोबत न्यावा. दोनशे चौरस फुटांच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत तासाला सहा वेळा हवा गाळायची, तर त्याची क्षमता ताशी सुमारे ३०० घनमीटर हवी. त्याहून लहान यंत्र निरुपयोगी नाही, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नये.

लिफ्ट आणि कॉरिडॉरमध्ये एन-९५ मास्क वापरावा. तो दार उघडण्यापूर्वीच चढवावा. जेवणाचा ट्रे दाराबाहेर ठेवण्यास सांगून, शेजारचे दार नुकतेच वाजले असल्यास काही मिनिटे थांबूनच तो आत घ्यावा.