वऱ्हाडचा प्रतिनिधि व प्रश्नोत्तराचा तास

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं सनदा, महजर, ताळेबंद आणि बखरी एवढींच आपणां संशोधकांच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. कायदेमंडळांच्या कामकाजाचे छापील खंड रद्दीच्या दुकानीं वजनावर विकले जातात, तरी त्यांकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. तथापि यवतमाळ जिल्ह्याचा १९२० नंतरच्या पंचवीस वर्षांचा इतिहास ज्यास लिहावयाचा असेल, त्यास ह्या खंडांतील प्रश्नोत्तरांवांचून गत्यंतर नाहीं असें आमचें मत झालें आहे. तें कां झालें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

प्रथम वऱ्हाडच्या राज्यव्यवस्थेंतील एक चमत्कारिक गांठ सोडविली पाहिजे. २१ मे १८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवालीं केला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या करारानें तो सालीना २५ लक्ष रुपये खंडानें कायमच्या पट्ट्यावर इंग्रज सरकारकडे आला, व पुढल्याच सालीं मध्यप्रांताच्या चीफ कमिशनराकडे सोंपविण्यांत आला. १९०५ सालीं जिल्ह्यांची फेरमांडणी होऊन जुन्या वणी जिल्ह्यास पुसद हा तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याचें नांव यवतमाळ पडलें. स्वामित्व निजामाचें, वहिवाट इंग्रजांची. रयतेस मात्र ना तहाच्या वेळीं कोणी विचारलें, ना कराराच्या वेळीं. ह्या व्यवस्थेमुळें वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीनें ब्रिटिश हिंदुस्थानांत मोडत नसे. दिल्लीस झालेला कायदा तेथें आपोआप लागू होत नसे. त्यासाठीं निराळा जाहीरनामा काढावा लागे. वऱ्हाडच्या मतदारांनीं निवडून दिलेला सभासददेखील कागदोपत्रीं सरकारनियुक्त म्हणून नोंदला जाई! वरिष्ठ कायदेमंडळाच्या कामकाजांत त्याच्या नांवापुढें ‘वऱ्हाडचा प्रतिनिधि’ असा खुलासा आढळतो, त्याचें मूळ हें.

अशा सभासदाच्या हातीं नेहमींचें हत्यार एकच होतें, तें म्हणजे प्रश्न. १८९२ च्या कायद्यानें सभासदांस प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली, पण उत्तरावर उपप्रश्न करण्याची सोय नव्हती. १९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाचा हक्क दिला व १९१९ च्या कायद्यानंतर तो कोणाहि सभासदास मिळाला. आगाऊ नोटीस हवी; प्रश्नांत तर्क, वाद अगर निंदा नसावी, तो केवळ माहितीची मागणी असावा, असे निर्बंध होते. माहितीच्या अधिकाराचे कायदे महाराष्ट्रांत २००२ सालीं व देशभर २००५ सालीं झाले. तत्पूर्वीं पुसदच्या किंवा वणीच्या शेतकऱ्यास सरकारी दप्तरांतील एखादी गोष्ट जाहीरपणें वदवून घ्यावयाची असल्यास सभासदाच्या तोंडूनच ती विचारावी लागे.

आणि ती विचारावी कोठें, हाहि घोळ होताच. द्विदल राज्यपद्धतींत शाळा, दवाखाने व रस्ते हे विषय नागपूरच्या लोकनियुक्त मंत्र्यांकडे. जमीनमहसूल, पोलीस व जंगल हे गव्हर्नराच्या कार्यकारी मंडळाकडे. रेल्वे व टपाल दिल्लीकडे. दवाखान्याची तक्रार एका दारीं, गायरानाची दुसऱ्या दारीं. मूर्तिजापूर-यवतमाळ ह्या अरुंद रुळाच्या गाडीची गोष्ट तर याहून मौजेची होती. मार्ग एका खासगी कंपनीच्या मालकीचा, गाड्या चालविणार जी. आय. पी. रेल्वे, आणि १९२५ सालापासून ती रेल्वे सरकारच्या ताब्यांत. डब्यांतील गैरसोयीचा जाब ह्यांपैकीं कोणाकडे मागावा हें उतारूस कळणें कठीणच होतें.

नागपूरच्या कौन्सिलांत १९२४ सालीं स्वराज्यपक्षानें मंत्र्यांस जो शह दिला तो प्रसिद्ध आहे. जानेवारींत अविश्वासाचा ठराव झाला. पुढें अंदाजपत्रक फेटाळण्यांत येऊन मंत्र्यांचें वेतन सालीना २ रुपयांवर आणण्यांत आलें. मंत्रि गेले व सोंपीव खातीं गव्हर्नरानें स्वतःकडे घेतलीं. परंतु १९२५ च्या ऑक्टोबरांत कौन्सिलाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांत जागा स्वीकारली आणि पक्षांत फूट पडली. ह्या प्रकरणाचा तेजस्वीपणा आम्ही नाकारीत नाहीं. पण मंत्रिच राहिले नाहींत म्हणजे शाळेविषयीं उत्तर द्यावयास लोकनियुक्त असा कोणी उरत नाहीं, हीहि गोष्ट जिल्ह्याच्या इतिहासकारानें नोंदविली पाहिजे.

वरिष्ठ कायदेमंडळांतील वऱ्हाडचे प्रतिनिधि माधव श्रीहरि अणे यांचा मार्ग निराळा होता. यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं वणी येथें झाला. वकिली यवतमाळास केली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत व पुन्हां १९३५ पासून १९४१ पर्यंत ते दिल्लीच्या मंडळांत होते. ह्या काळच्या खंडांत सरकारी उत्तरांचे ठराविक सांचे वाचकास लवकरच ओळखूं येतात: माहिती गोळा करण्यांत येत आहे, विषय प्रांतिक सरकारचा आहे, चौकशीस लागणारे श्रम निष्पत्तीच्या मानानें फार होतील. म्हणून साधन ह्या नात्यानें त्यांचा उपयोग करितांना सावधगिरी हवी. सरकारनें ‘नाहीं’ म्हटलें एवढ्यावरून गोष्ट घडली नाहीं असें धरूं नये. आणि प्रश्नांत आरोप आहे एवढ्यावरून तो सिद्धहि मानूं नये. उपप्रश्नांच्या वेळीं उत्तर कोठें अडखळतें तें पाहावें. बखरकाराच्या मौनास आपण जो अर्थ लावितों, तोच येथेंहि लावावा लागतो.

प्रश्नानें भागेना तेव्हां काय झालें हें जिल्ह्यास ठाऊक आहे. जंगलखातें हें राखीव, म्हणजे लोकमताच्या आवांक्याबाहेरचें होतें; गवत व चराईचे निर्बंध मात्र खेड्यांतील प्रत्येक गोठ्यास भोंवत. १० जुलै १९३० रोजीं अण्यांनीं पुसदजवळच्या राखीव जंगलांत गवत कापून कायदा मोडला व शिक्षा भोगली. सभागृहांत माहिती मागणारा वकील विळा घेऊन रानांत जातो, ह्या दोन कृत्यांस चरित्रकार वेगवेगळीं प्रकरणें देतात. आम्हांस तीं एकाच मागणीचीं रूपें वाटतात.

१९३६ च्या निजामाशीं झालेल्या करारानें मध्यप्रांत व वऱ्हाड असा एक प्रांत ठरला, व १९३७ पासून नागपुरास जबाबदार मंत्रिमंडळ आलें. १९४१ सालीं व्हाइसरॉयच्या वाढविलेल्या कार्यकारी मंडळांत अण्यांकडे परदेशस्थ हिंदी लोकांचें खातें आलें. म्हणजे प्रश्नकर्ता उत्तर देणाऱ्यांच्या बांकावर जाऊन बसला. ही निवड त्यांच्या अनेक स्नेह्यांस रुचली नाहीं, आणि आम्हांसहि ती सर्वस्वीं समर्थनीय वाटत नाहीं. परंतु गांधींच्या उपोषणाच्या वेळीं, फेब्रुवारी १९४३ मध्यें, होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनीं राजीनामा दिला, हेंहि त्याच पानावर लिहिलें पाहिजे. पुढें सिलोन, नंतर बिहारचें राज्यपालपद. आणि १९५९ सालीं, वयाच्या एकोणऐशींव्या वर्षाच्या सुमारास, नागपूरचे प्रतिनिधि म्हणून ते लोकसभेंत पुन्हां प्रश्नकर्त्यांच्या बांकावर आले. २६ जानेवारी १९६८ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आतां संग्राहकांस एक विनंति. छापील खंडांत नामंजूर झालेला प्रश्न सांपडत नाहीं. अध्यक्षानें किंवा सरकारनें जो प्रश्न येऊं दिला नाहीं त्याचा मसुदा, व ज्या पत्रावरून तो रचला गेला तें खेड्यांतून आलेलें पत्र, हीं असलींच तर खासगी दप्तरांत असावयाचीं. यवतमाळ, वणी, दारव्हा, पुसद येथील जुन्या वकिलांच्या घरीं मोडी रुमालांचा शोध घेतांना खालच्या फळीवरील टंकलिखित नोटिसा, पोस्टकार्डें व अर्जांच्या नकला बाजूस टाकूं नयेत. त्यांवर तारीख व गांव असल्यास तेवढ्यावरून छापील उत्तराशीं मेळ घालतां येतो.