तळटीप : ‘जपानी ताडी’

१. जपानी ताडी : म्हणजे साके. लेखक नंदाखालचे. वसईच्या ताडा-माडांत वाढलेल्या माणसाला आंबवलेलं पेय म्हटलं की ताडीच आठवणार. पण तुलना फसवी आहे. ताडाचा रस मुळात गोड असतो; मडक्यात पडला की आपोआप आंबू लागतो, पहाटेची नीरा ऊन चढेपर्यंत ताडी होते. तांदळात साखर नसते, पिष्ट असतं. ते फोडायला वाफवलेल्या तांदळावर ‘कोजी’ ही बुरशी वाढवावी लागते. मग एकाच पिंपात पिष्टाची साखर आणि साखरेचं मद्य, दोन्ही एकदमच होत राहतं. मद्यार्क साधारण १५-१६ टक्के. ताजी ताडी त्यापुढे अगदीच सौम्य.

यजमानांनी जेवताना पुढे केलेल्या पेल्यांतला फरक मुख्यतः तांदूळ किती घासला याचा आहे. ‘गिन्जो’साठी दाण्याचा किमान ४० टक्के भाग काढून टाकतात, ‘दाइगिन्जो’साठी निम्मा. हातसडीचं कौतुक असलेल्या आपल्याला ही उधळपट्टी वाटेल, पण चव जड करणारी प्रथिनं आणि मेद बाहेरच्या थरांतच जास्त असतात.

लेखक स्वतःचा पेला भरू लागताच शेजाऱ्याने सुरई काढून घेतली, ती कंजूषपणाने नव्हे. तिथे आपण दुसऱ्याला वाढायचं, आपल्याला दुसरा वाढतो.

जपानीत ‘साके’ म्हणजे कुठलंही मद्य. या पेयाचं नेमकं नाव ‘निहोन्शु’. ‘जपानी ताडी’ हा शब्द लेखकाच्या आग्रहावरून पुढेही तसाच ठेवला आहे. — संपा.