कॅमेरा खाली का ठेवत नाही?

३१ ऑक्टोबर १९९८ची रात्र. चार मित्र हॅलोवीनच्या पार्टीला निघालेत. एकाने अस्वलाचं सोंग घेतलंय आणि त्या सोंगातच कॅमेरा बसवलाय. मूल सांभाळणाऱ्या बाईवर लक्ष ठेवायला अमेरिकेत टेडी बेअरमध्ये कॅमेरा लपवतात, त्याची ही टिंगल. पोरांचा पत्ता चुकतो. ज्या घरात शिरतात तिथे पार्टी नसते. थोड्या वेळाने भिंतींतून हात बाहेर येऊ लागतात, सगळे जिवाच्या आकांताने पळतात, आणि शूटिंग चालूच राहतं. अस्वल पळालं की कॅमेरा पळणारच.

'व्ही/एच/एस' (२०१२) या सिनेमातली ही शेवटची गोष्ट. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हॉस्टेलवर पाहिली होती, रात्री दोन वाजता, एका लॅपटॉपसमोर सहा जण. भीती किती वाटली ते आता आठवत नाही. सोंगातला कॅमेरा पाहून मनात आलेलं वाक्य मात्र आठवतं: वा, बग फिक्स केला!

बग कुठला, ते सांगतो. फाउंड फुटेज म्हणजे सापडलेलं चित्रण. गोष्टीतल्याच कुणीतरी शूट केलं, तो मेला किंवा गायब झाला, आणि टेप दुसऱ्या कुणाच्या हाती लागली, असा बनाव. या प्रकाराच्या मुळातच एक अडचण आहे. समोर भूत उभं असताना हा माणूस कॅमेरा खाली का ठेवत नाही? एकदा हा प्रश्न डोक्यात आला की पुढचा तासभर तो भुतापेक्षा जास्त छळतो.

हॅलोवीनच्या सुमारास खोटं खऱ्यासारखं दाखवायची खोड तशी जुनी. ३० ऑक्टोबर १९३८ला ऑर्सन वेल्सने अमेरिकन रेडिओवर मंगळवासीयांच्या स्वारीचं नाटक बातम्यांच्या थाटात सादर केलं. (देशभर हलकल्लोळ माजल्याची कथा वर्तमानपत्रांनी बरीच फुगवलेली.) माझा जास्त जीव आहे तो 'घोस्टवॉच'वर. ३१ ऑक्टोबर १९९२ला बीबीसीने लंडनमधल्या एका पछाडलेल्या घरातून 'थेट प्रक्षेपण' केलं. प्रत्यक्षात सगळं आधीच चित्रित झालेलं. पण स्टुडिओत मायकेल पार्किन्सन बसलेला, वर्षानुवर्षं लोकांच्या घरात टीव्हीतून येणारा विश्वासू चेहरा. पडद्यावर दाखवलेला फोन नंबरही खरा. त्यावर फोन केला की हे नाटक आहे असा खुलासा ऐकू येणार होता. पण इतके फोन आले की लाइन लागेना, आणि ज्यांना खुलाशाची सगळ्यात जास्त गरज होती त्यांना एंगेज टोन ऐकू आला. लोड टेस्टिंग न करता सिस्टिम लाइव्ह केल्याचं याहून भयानक उदाहरण मला ऑफिसातही सापडलेलं नाही.

'घोस्टवॉच'मध्ये कॅमेरामन पगारी होता, त्यामुळे तो शूट का करतोय हे विचारायची गरज नव्हती. खरी पंचाईत झाली कॅमेरा हौशी माणसाच्या हाती आला तेव्हा. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' १९९७च्या ऑक्टोबरात मेरीलँडच्या जंगलात आठेक दिवसांत चित्रित झाला. तीन नट-नट्यांनी स्वतःच कॅमेरे धरले, आणि पात्रांची नावंही त्यांचीच ठेवली. १९९९मध्ये तो आला तेव्हा इंटरनेटवर हे तिघे खरोखर बेपत्ता असल्याचा देखावा उभा केला होता. हेदर डोनाह्यूच्या आईला सांत्वनाची पत्रं आली. सिनेमाने जगभरात जवळपास २५ कोटी डॉलर कमावले, आणि ज्यांच्या हातातल्या कॅमेऱ्यांनी तो घडवला ते तिघे २०२४मध्येही आपला रास्त वाटा जाहीरपणे मागत होते. प्रश्नाचं उत्तर या सिनेमापाशी आहे: कॅमेऱ्यातून पाहिलं की समोरचं जग जरा खोटं वाटतं, म्हणून हेदर तो सोडत नाही. उत्तर सुंदर आहे, पण ते हेदरपुरतं. पुढच्या प्रत्येकाला आपापलं शोधावं लागलं.

ते शोधणाऱ्यांत एक आपल्या जातीचा निघाला. ओरेन पेली हा व्हिडिओ गेमचा प्रोग्रॅमर. त्याने सॅन दिएगोमधल्या स्वतःच्या घरात, आठवड्याभरात, सुमारे १५ हजार डॉलरमध्ये 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' केला. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक जोडपं झोपलेलं, कोपऱ्यात घड्याळ पळतंय. कुणी कॅमेरा धरलेलाच नाही, तर खाली ठेवायचा प्रश्न येतो कुठे? निखळ प्रोग्रॅमरचं डोकं.

२०१२च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात 'व्ही/एच/एस' आला आणि त्याने प्रश्नाचे तुकडे केले. एका सिनेमात सहा दिग्दर्शक किंवा गट: पाच गोष्टी, आणि त्यांना बांधणारी सहावी. दीड तास न टिकणारं कारण वीस मिनिटं आरामात टिकतं. एकाच्या चष्म्यात कॅमेरा, दुसऱ्याच्या सोंगात, तिसऱ्या गोष्टीत सगळं स्काइप कॉलवर. (स्काइप कॉल व्हीएचएस टेपवर कुणी उतरवला हे विचारू नका. मी विचारलं होतं, उरलेल्या पाच जणांनी उशी फेकून मारली.)

टेपच का, हे मला आमच्या घरातल्या कॅसेटमुळे चटकन कळलं. माझ्या बारशाच्या कॅसेटवर मामाने शारजाची मॅच रेकॉर्ड केली होती. पाळणा हलतोय, बायका गाताहेत, मध्येच एक पांढरी पट्टी सरकते आणि सचिन पुढे येऊन फटका मारतो. 'व्ही/एच/एस'ची रचना अगदी अशी आहे. एकावर दुसरं चढवलेलं, आणि खालचं पुसूनही पूर्ण न पुसलेलं.

पण हा सिनेमा नुसत्या युक्त्यांचा असता तर मी त्यावर लिहिलं नसतं. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा नोकरीला लागलो होतो आणि एकटा होतो. तेव्हा लक्षात आलं, इथे बहुतेक वेळा कॅमेरा धरणाराच गुन्हेगार आहे. बांधणाऱ्या गोष्टीतली टोळी बायकांना धरून जबरदस्तीने त्यांचे कपडे वर करते आणि ते शूट करून विकते. चष्म्यातला कॅमेरा मुलीला खोलीवर आणून लपून शूट करण्यासाठी आहे, पण ती मुलगी माणूस नसते. स्काइपच्या पलीकडे बसलेला प्रेमळ मुलगाच सगळ्यात घातकी. सिनेमावर स्त्रीद्वेषाचा आरोप झाला, आणि तो अगदीच खोटा नाही. त्या मुलींना सूड मिळतो, पण त्याआधी आपण त्यांना त्या पोरांच्याच नजरेने पाहून घेतलेलं असतं. हॉस्टेलवर आम्ही सहा जण कुठे शिट्ट्या मारत होतो, ते मला नीट आठवतं.

हे आपल्याकडे आधी झालं होतं. दिबाकर बॅनर्जीचा 'लव्ह सेक्स और धोखा' २०१०चा. तीन गोष्टी: एक विद्यार्थ्याच्या कॅमेऱ्यावर, एक दुकानाच्या सीसीटीव्हीवर, एक स्टिंगच्या छुप्या कॅमेऱ्यावर. भूत एकही नाही. पळून लग्न केलेल्या जोडप्याला मुलीच्या घरचे मारतात आणि कॅमेरा चालू राहतो. त्याला हॉरर म्हणायचं नसेल तर तो शब्द ठेवायचा कशाला?

दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर एका बाइकवाल्याला टेम्पोने उडवलं. मी धावलो, हे खरं. पण त्याआधीची अकरा सेकंदं माझ्या फोनमध्ये आहेत. खिशातून फोन कधी निघाला, कळलं नाही. क्लिपमध्ये कुणीतरी ओरडतंय, अरे त्याचं हेल्मेट काढा. तो आवाज माझा नाही.

नंतरची मालिका भराभर सांगतो. २०१४चा तिसरा भाग सोडून द्यावा असा. २०२१पासून शडर या ओटीटीवर दर ऑक्टोबरला एक नवा भाग येतो: ९४, ९९, ८५, मग 'बियाँड', आणि २०२५चा तर थेट 'हॅलोवीन' नावाचा. सालं मुद्दाम जुनी, म्हणजे पात्रांच्या खिशात मोबाइल नको.

एकच गोष्ट पाहायची असेल तर दुसऱ्या भागातली (२०१३) 'अ राइड इन द पार्क' पाहा. ती करणाऱ्यांत 'ब्लेअर विच'वाला एदुआर्दो सांचेझ आहे. सायकलवाल्याच्या हेल्मेटवर कॅमेरा. त्याला झॉम्बी चावतो, तो स्वतः झॉम्बी होतो, आणि मग त्याच कॅमेऱ्यातून आपण माणसं खात फिरतो. मध्येच खिशातला फोन दाबला जाऊन प्रेयसीला लागतो. तिचा आवाज ऐकून तो थबकतो. तिला काहीच माहीत नसतं, ती नेहमीसारखी बोलत राहते.