सैतानत्याग (ख्रिस्ती बाप्तिस्मा)

बाप्तिस्म्यापूर्वी सैतानाशी असलेले नाते जाहीरपणे तोडून ख्रिस्ताची बाजू पत्करण्याचा विधी. तान्ह्या मुलाच्या वतीने धर्ममातापिता उत्तरे देतात. दुष्ट शक्तींशी अखंड चालणारे जे आध्यात्मिक युद्ध ख्रिस्ती परंपरा मानते, त्यात माणूस या क्षणी उतरतो. तटस्थ राहण्याची सोय विधीत नाही.

1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईत केरळी, गोवेकर, मंगळुरी, तमिळ आणि मराठी ख्रिस्ती एकमेकांच्या शेजारी राहू लागले. त्यामुळे या विधीची वेगवेगळी रूपे तिथे थोड्या अंतरात सापडतात. मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चच्या मुंबई धर्मप्रांताचे मुख्य केंद्र वाशीला आहे. या चर्चच्या सिरियन परंपरेत बाजू बदलणे डोळ्यांना दिसते. आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारायचे, मग वळून पूर्वेकडे तोंड करून ख्रिस्तावरील श्रद्धा जाहीर करायची. चौथ्या शतकात जेरुसलेमचे बिशप सिरिल यांनी नवदीक्षितांना हाच विधी समजावून सांगितला होता. सूर्य मावळतो ती दिशा अंधाराची, म्हणून अंधाराच्या सत्ताधीशाला त्याच्याच दिशेला तोंड करून नकार द्यायचा, असा त्यांचा अर्थ.

वाशीच्या सेक्रेड हार्ट चर्चसारख्या लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चमध्ये दिशा बदलत नाहीत, प्रश्न विचारले जातात: सैतान, त्याची कृत्ये आणि त्याचा पोकळ डामडौल, तिन्ही नाकारता ना? ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात सगळी मंडळी पेटत्या मेणबत्त्या हातात धरून ही वचने पुन्हा देतात. पोप बारावे पायस यांनी 1951 मध्ये जागरणविधीला नवे रूप दिले, तेव्हापासूनची ही प्रथा. अँग्लिकन परंपरेच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात सैतानाबरोबर जग आणि देहवासना यांचाही त्याग आहे, आणि बाप्तिस्मा झालेल्या बालकाला ख्रिस्ताच्या निशाणाखालचा शिपाई मानले आहे. काही स्वतंत्र मंडळ्यांत ठराविक प्रश्नोत्तरे नसतात. प्रौढ उमेदवार आपली साक्ष देतो.

शत्रू कोण, हा खरा वादाचा मुद्दा. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सत्याचा कमरपट्टा, विश्वासाची ढाल, तारणाचे शिरस्त्राण अशी सारी शस्त्रसामग्री येते, पण झुंज रक्तमांसाच्या माणसांशी नाही हे त्याआधीच सांगून टाकलेले आहे. येशूची दोन वचनेही एकमेकांशेजारी ठेवून वाचावी लागतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात जो माझ्याबरोबर नाही तो माझ्याविरुद्ध, असा आशय आहे; मार्कच्या शुभवर्तमानात, जो आपल्याविरुद्ध नाही तो आपलाच. प्रचारकांना पहिले वचन अधिक आवडते.

बाजूच्या या निवडीचे अतिशय बारीक विश्लेषण येशूसंघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी केले. 1548 मध्ये छापलेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात दोन निशाणांचे ध्यान आहे. बाबेलच्या मैदानावर आग आणि धुराच्या सिंहासनावर लूसिफर, जेरुसलेमच्या मैदानावर साधेपणाने उभा असलेला ख्रिस्त. लूसिफर आपल्या हस्तकांना क्रम शिकवतो: आधी संपत्तीची ओढ लावा, मग मानसन्मानाची, त्यातून गर्व आपोआप येईल. ख्रिस्ताचा क्रम नेमका उलटा: दारिद्र्य, अपमान, नम्रता. इथे कुणाच्या अंगात काही येत नाही, लिंबू-मिरचीही लागत नाही. फ्लॅट, पद आणि प्रतिष्ठा या चढत्या पायऱ्यांवर जगणाऱ्या शहराला हे ध्यान भूतबाधेच्या कोणत्याही कथेपेक्षा अधिक अडचणीचे वाटावे.

याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. लूसिफरच्या पतनाची कथा त्यांनी 1616 मध्ये छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त मराठी ओवीत आणली. मात्र गोव्यातल्या ज्या साष्टी भागात ते वावरले तिथली देवळे पोर्तुगीज सत्तेने 1567 मध्येच पाडली होती. आतल्या युद्धाची सीमारेषा शेजाऱ्याच्या देवळाच्या उंबरठ्यावर ओढली गेली की काय होते, त्याचा हा महाराष्ट्राजवळचा दाखला.

कवी नारायण वामन टिळकांनी बाजू वेगळ्या रीतीने निवडली. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण तुकारामांचा हात त्यांनी सोडला नाही. मनाशी आणि जगाशी रात्रंदिवस झुंजण्याची भाषा त्यांना अभंगातून आधीच परिचित होती. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांनी ते वारले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील सी. पीटर वॅग्नर आदींनी शहराशहरांवर अंमल गाजवणाऱ्या दुरात्म्यांची कल्पना पसरवली. प्रार्थना म्हणजे मुलूखगिरी झाली. इव्हँजेलिकल पंथीयांच्या लोझान चळवळीच्या कार्यगटाने 1993 मध्ये या लढाऊ भाषेबद्दल सावधगिरीचा इशारा दिला. भूत उतरवण्यावर तर नियमांची बंधने आहेत. कॅथलिक चर्चमध्ये औपचारिक भूतनिस्सारणासाठी बिशपांची स्पष्ट परवानगी लागते. 1983 च्या धर्मसंहितेतील 1172 वा नियम तसे सांगतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या बहाण्याने कुणाला मारहाण करणे, दोरखंडाने किंवा साखळीने बांधून ठेवणे हा गुन्हा आहे, मग उतरवणारा मांत्रिक असो वा पाद्री.